विवरणपत्र : शेवटचा दिवस आणि त्याआधीचे चार महिने

जुलै महिन्याचा शेवटचा आठवडा लागला, की देशातील लक्षावधी घरांत एकाच प्रकारची शोधाशोध सुरू होते. कोणी मुदत ठेवींच्या पावत्या धुंडाळतो, कोणी कचेरीतील हिशेबनिसाच्या टेबलाभोवती घिरट्या घालतो, तर कोणी ओळखीच्या सनदी लेखापालाला रात्री अकरा वाजता दूरध्वनी करतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘रिटर्न’, भरण्याची मुदत ३१ जुलैला संपणार असते, आणि ही तारीख पहिल्यांदाच कळल्यासारखी सर्वांची धांदल उडालेली असते.

ही धांदल किती मोठी असते, हे सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून समजते. २०२२ साली ३१ जुलैपर्यंत ५ कोटी ८३ लाख विवरणपत्रे दाखल झाली. त्यांपैकी ७२ लाखांहून अधिक केवळ त्या एका दिवशी आली. २०२३ साली एकूण संख्या ६ कोटी ७७ लाखांवर गेली आणि शेवटच्या दिवसाचा वाटा ६४ लाखांचा होता. २०२४ साली ७ कोटी २८ लाखांपैकी जवळजवळ ७० लाख विवरणपत्रे ३१ जुलैलाच दाखल झाली. त्या सायंकाळी सात ते आठ या एका तासात पाच लाखांवर लोकांनी हे कर्तव्य उरकले. म्हणजे चार महिन्यांची मुदत हाती असताना दर दहा करदात्यांमागे जवळजवळ एक जण शेवटच्या दिवसाची वाट पाहत राहिला.

या प्रकाराला आळस हे एकच नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे खरे नाही. वेळेवर वीजबिल भरणारी, विम्याचा हप्ता कधी न चुकविणारी माणसेही विवरणपत्राच्या बाबतीत मागे राहतात. याचे कारण बहुतेकांच्या एका समजुतीत आहे. विवरणपत्र भरणे म्हणजे एक फॉर्म भरणे, आणि फॉर्म भरायला लागून लागून किती वेळ लागणार, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब फॉर्मापुरता बरोबरही आहे. मात्र फॉर्म हे या कामाचे शेवटचे पान होय. त्याआधीची पाने ताळा पाहण्याची आहेत, आणि वेळ लागतो तो त्या ताळ्याला.

भारतात प्राप्तिकराची सुरुवात १८६० साली झाली. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या खजिन्याची तोंडमिळवणी करण्यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी हा कर आणला. कराचा कायदा २४ जुलै १८६० रोजी अमलात आला. म्हणूनच २४ जुलै हा दिवस प्राप्तिकर दिन म्हणून पाळला जातो. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यास निवर्तले, आणि त्यांचा करही पाच वर्षांनी उठला. पण पुढे १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला. त्यानंतर १९२२ चा आणि १९६१ चा असे दोन मोठे कायदे झाले. १ एप्रिल १९६२ पासून चालत आलेल्या त्या दुसऱ्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. ‘आर्थिक वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडगोळीने करदात्याला साठ वर्षांहून अधिक काळ गोंधळात टाकले होते. उत्पन्न एका वर्षाचे, आणि फॉर्मावर नाव मात्र पुढच्या वर्षाचे! नव्या कायद्याने ही दोन नावे काढून ‘कर वर्ष’ हे एकच नाव ठेवले आहे.

या सर्व काळात जे पालटले नाही, ते वर्षाचे माप. १८६७ पासून सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. ‘मार्चअखेर’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी पक्का बसला आहे, तो यामुळेच. मार्चअखेर वर्ष संपते आणि त्या वर्षाचा हिशेब सांगण्यासाठी पगारदार, निवृत्तिवेतनधारक, व्याजावर किंवा घरभाड्यावर निर्वाह करणारे अशा व्यक्तींना एप्रिल ते जुलै हे चार महिने मिळतात.

हे चार महिने का दिले जातात, हे समजले तर त्यांचा उपयोग कसा करावा, हेही समजते. आज करदात्याच्या उत्पन्नाची माहिती सरकारला केवळ करदात्याकडून मिळत नाही. पगार देणारी कचेरी, ठेवीवर व्याज देणारी बँक, लाभांश देणारी कंपनी हे सर्व पैसे देतानाच कायद्याप्रमाणे काही कर कापून घेतात आणि तो सरकारकडे भरतात. या मुळातच कापलेल्या कराला व्यवहारात ‘टीडीएस’ म्हणतात. जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीत कोणाचा किती कर कापला, याचे पत्रक या मंडळींनी ३१ मेपर्यंत द्यावे आणि कचेरीने आपल्या नोकराला १५ जूनपर्यंत पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला द्यावा, असा १९६१ च्या कायद्याखालील नियम. तो दाखला लोक ‘फॉर्म सोळा’ या नावाने ओळखतात. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत विवरणपत्र भरू पाहणाऱ्या उत्साही गृहस्थाच्या हाती अपुरी माहिती असते, आणि जुलैच्या अखेरीस भरू पाहणाऱ्याच्या हाती माहिती असली तरी वेळ नसतो. जूनचा मध्य ते जुलैचा मध्य हा एक महिना या कामाला सर्वांत अनुकूल होय.

पण मुळात विवरणपत्र भरायचे कोणी? येथेच सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, आणि पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्या बाबतीत ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. ही वार्ता घरोघरी पोहोचली. तिच्यामागून ‘कर नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा प्रश्नही पोहोचला. वस्तुतः या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बारा लाखांपर्यंत कर पडत नाही, तो आधी आकारून मग सूट दिली जाते म्हणून. त्या वर्षी नव्या पद्धतीतील मूळ करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे. ज्याचे उत्पन्न या मर्यादेपलीकडे गेले, त्याने विवरणपत्र भरलेच पाहिजे. मग अखेरीस कर शून्य निघो अथवा न निघो. ज्येष्ठांपैकी पंचाहत्तरी ओलांडलेल्या, आणि निवृत्तिवेतन व व्याज एकाच बँकेतून घेणाऱ्या व्यक्तींना ठरावीक जाहीरपत्र बँकेकडे दिल्यास यातून मोकळीक आहे. परंतु वय झाले म्हणजे ही मोकळीक आपोआप मिळाली, असे नाही.

या गैरसमजाची किंमत एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, इंदूरमधील एका शाळेतील शिक्षिकेला २०२५-२६ या वर्षात नऊ लाख रुपये पगार मिळाला आणि वडिलांकडून आलेल्या पैशाच्या मुदत ठेवींवर ऐंशी हजार रुपये व्याज मिळाले. पगारातून पंचाहत्तर हजारांची वजावट गेली, की तिचे एकूण उत्पन्न नऊ लाख पाच हजार होते. नव्या पद्धतीने त्यावर कर शून्य. शाळेने म्हणूनच काही कापले नाही. बँकेला मात्र तिच्या पगाराचे काय ठाऊक? एका वर्षातील व्याज पन्नास हजारांवर गेले, म्हणून बँकेने नियमाप्रमाणे दहा टक्के, म्हणजे आठ हजार रुपये, कापून सरकारजमा केले. हे आठ हजार तिचे स्वतःचे आहेत. सरकार ते परत देण्यास बांधलेले आहे. पण तिने विवरणपत्र भरून मागितले तरच. ३१ जुलैपूर्वी भरले, तर आठ हजार परत मिळतात, वर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का दराने व्याजही मिळते. ऑगस्टमध्ये भरले, तर उत्पन्न पाच लाखांहून अधिक असल्याने पाच हजार रुपये विलंब शुल्क पडते, आणि हाती तीन हजार उरतात. ३१ डिसेंबरही उलटला, तर विवरणपत्र भरण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो. कर एक पैशाचा नसताना आठ हजार रुपये गेले ते केवळ तारखेमुळे.

येथे कायद्यातील एक विषमता ध्यानात घेण्याजोगी आहे. डिसेंबरनंतर जाग आलेल्या करदात्यासाठी २०२२ साली ‘अद्ययावत विवरणपत्रा’ची सोय झाली, आणि २०२५ साली तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु ही सोय ज्याला सरकारला आणखी कर द्यायचा आहे, त्याच्यासाठी आहे. तो जितका उशिरा येईल, तितका अधिक जादा कर त्याच्यावर बसतो. पहिल्या वर्षी पंचवीस टक्के, चौथ्या वर्षी सत्तर टक्के. ज्याला सरकारकडून परतावा घ्यायचा आहे, त्याला या दाराने आत येता येत नाही. त्याने खरी अडचण दाखवून विलंब माफ करण्याचा अर्ज करावा आणि निर्णयाची वाट पाहावी, एवढाच मार्ग राहतो. ऑक्टोबर २०२४ च्या आदेशाप्रमाणे या अर्जालाही पाच वर्षांची मर्यादा आहे. सारांश, देणेकऱ्याला दंड भरून यायला चार वर्षे, आणि घेणेकऱ्याला हक्काने यायला डिसेंबरअखेरपर्यंत. मुदतीचा काच मोठ्या करदात्यापेक्षा लहान ठेवीदाराला अधिक बसतो, तो असा.

उशिराची किंमत एवढ्यावर संपत नाही. कर देणे राहिले असेल, तर प्रत्येक महिन्याला किंवा महिन्याच्या अंशालाही एक टक्का व्याज चढते. शेअरांच्या व्यवहारात तोटा आला असेल, तर तो पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वळता करून घेण्याचा हक्क वेळेवर भरणाऱ्यालाच आहे. आणि विम्याचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधी, गृहकर्जाचे व्याज अशा वजावटींची जुनी करपद्धती ज्याला निवडायची आहे, त्याने ती निवड मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच करावी लागते. २०२३-२४ या वर्षापासून नवी पद्धती हीच मूळची मानली जाते. मुदत चुकली, की वर्षभर जपून ठेवलेल्या वजावटींच्या पावत्या निरुपयोगी ठरतात.

आता ताळ्याकडे वळू. पूर्वीच्या काळी करदाता सांगेल ते सरकार ऐके, आणि शंका आली तर विचारी. आज परिस्थिती उलटली आहे. सरकारने करदात्याविषयी जे ऐकले आहे, ते ते आधी त्याच्यापुढे ठेवते. यासाठी दोन पत्रके आहेत. पहिले ‘सव्वीस ए-एस’ या नावाचे. त्यात त्याच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद असते. दुसरे वार्षिक माहिती पत्रक, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ए-आय-एस’ म्हणतात; ते नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झाले, आणि त्यात बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअरांची व म्युच्युअल फंडांची खरेदी-विक्री, स्थावराचे व्यवहार अशा पुष्कळ गोष्टी उतरलेल्या असतात. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात गेले, की ही दोन्ही पत्रके पाहावयास मिळतात.

जुन्या पिढीतील दुकानदार कीर्द आणि खतावणी समोरासमोर ठेवून एक-एक रक्कम बोटाखालून घाली. आजच्या करदात्याचे काम तेच आहे. एका बाजूला फॉर्म सोळा, पासबुके आणि ठेवींचे व्याजदाखले ठेवावेत; दुसऱ्या बाजूला ही दोन सरकारी पत्रके. रक्कम दोन्हींकडे सारखी असेल, तर तिच्यावर खूण करावी. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असे दिसले, तर तेथे थांबावे. बहुतेक ठिकाणी चूक करदात्याच्या विसरण्याची असते. बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही, म्हणून ते करपात्रच नाही असे वाटते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाला पुण्यातील फ्लॅटचे भाडे हे ‘तिकडचे’ उत्पन्न वाटते. वस्तुतः भाडेही याच विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि भरलेला महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेतून आणखी तीस टक्के प्रमाणित वजावटही मिळते. वर्षाच्या मध्यास ज्याने नोकरी बदलली, त्याने नव्या कचेरीला जुन्या पगाराची माहिती दिली नसेल, तर दोन्ही कचेऱ्या आपापल्या परीने प्रमाणित वजावट व करमुक्त मर्यादा धरतात. साहजिकच कर कमी कापला जातो, आणि राहिलेली रक्कम व्याजासह जुलैमध्ये एकदम पुढे येते.

परंतु काही वेळा चूक दुसऱ्याची असते, आणि वेळेचा खरा प्रश्न येथे उद्भवतो. बँकेने कापलेला कर दुसऱ्याच क्रमांकावर जमा दाखविला. कचेरीने कर कापला पण पत्रकात तो उतरविला नाही. पती-पत्नीच्या संयुक्त ठेवीचे सगळे व्याज एकाच्या नावे आले. विकलेले शेअर दोनदा मोजले गेले. असे प्रकार घडतात. माहिती पत्रकातील नोंद चुकीची असेल, तर तेथेच आपला आक्षेप नोंदविण्याची सोय आहे. पण कापलेला कर योग्य नावावर जमा दिसायचा, तर ज्याने तो कापला, त्यानेच दुरुस्तीचे पत्रक पाठवावे लागते. त्यासाठी बँकेच्या शाखेत अर्ज द्यावा लागतो, शाखा तो वरच्या कार्यालयाकडे पाठविते, आणि नोंद सुधारून दिसण्यास आठवड्यांचा अवधी जातो. ही चूक २० जूनला लक्षात आली, तर ती मुदतीपूर्वी सुधारून घेण्यास वाव असतो. तीच ३० जुलैला दिसली, तर करदात्यापुढे दोनच वाटा उरतात : सरकारी नोंदीशी न जुळणारे विवरणपत्र भरावे आणि पुढे नोटिशीला उत्तर द्यावे, किंवा हक्काची रक्कम सोडून द्यावी. पुष्कळ लोक कंटाळून दुसरी वाट धरतात.

हा ताळा झाल्यावर फॉर्माचे काम खरोखरच थोडे राहते. पन्नास लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नासाठी असलेल्या फॉर्माला ‘सहज’ असे नावच दिलेले आहे, आणि त्यातील पुष्कळशा जागा आज आधीच भरलेल्या मिळतात. त्या भरलेल्या आहेत म्हणून बरोबर आहेत, असे मात्र समजू नये. त्यांच्याखाली सही करदात्याची असते, आणि जबाबदारीही त्याचीच.

सहीचा उल्लेख आला, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. विवरणपत्र पाठविले, म्हणजे ते दाखल झाले असे नाही. त्याची पडताळणी करावी लागते. आधार क्रमांकाशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक देऊन, किंवा बँकेच्या खात्यातून ही पडताळणी घरबसल्या होते. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी पोचपत्राच्या छापील प्रतीवर सही करून ते बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने पाठवावे. सांगली असो, ग्वाल्हेर असो की बडोदे, ऑनलाइन भरलेली विवरणपत्रे त्या एकाच केंद्रात तपासली जातात. पूर्वी पडताळणीसाठी १२० दिवस मिळत. ऑगस्ट २०२२ पासून ती मुदत ३० दिवसांची झाली. ती चुकली आणि पडताळणी उशिरा झाली, तर पडताळणीचा दिवस हाच विवरणपत्राचा दिवस धरला जातो, आणि वेळेवर भरलेले पत्र उशिराचे ठरते. पडताळणी केलीच नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ते भरलेच नाही.

येथे वृद्ध माणसांची हमखास अडचण होते. आधारला जोडलेला क्रमांक जुना असतो. तो कधीच बंद झालेला असतो. पॅन कार्डावरील नाव आणि आधारवरील नाव यांत ‘राव’ किंवा ‘बाई’ एवढाच फरक असतो, पण यंत्राला तेवढा फरक पुरतो. परताव्यासाठी दिलेले बँक खाते संकेतस्थळावर प्रमाणित केलेले नसते, त्यामुळे मंजूर झालेला पैसाही अडकून राहतो. या दुरुस्त्या होण्यासारख्या आहेत. मात्र त्यांसाठी आधार केंद्रात किंवा बँकेत स्वतः जावे लागते, आणि जुलैच्या भर पावसात सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शेवटच्या दोन दिवसांत त्या कराव्यात, ही अपेक्षाच गैर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण माहिती नसली, तरी ही कामे करून ठेवता येतात. सुटीत मुलगा-मुलगी परगावाहून आईवडिलांकडे येतात, तेव्हा खात्यात प्रवेश होतो की नाही, क्रमांक चालू आहे की नाही, एवढे पाहून ठेवले तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो.

घरातील कमावती व्यक्ती वर्षात निवर्तली असेल, तर काळजी दुप्पट घ्यावी लागते. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या तिच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाला भरावे लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन आणि वारसा सिद्ध करणारा कागद देऊन संकेतस्थळावर वारस म्हणून नोंद करावी लागते, व ती मान्य व्हावी लागते. त्या दिवसानंतरचे ठेवींचे व्याज वारसाच्या स्वतःच्या उत्पन्नात जाते. बँकेने मात्र ते बहुधा जुन्याच नावावर दाखविलेले असते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे खरे. पण ज्या घरात मिळकत थांबलेली आहे, त्याच घराला परताव्याच्या काही हजारांची गरज सर्वांत अधिक असते. आणि नेमक्या त्याच घरी मुदत उलटून जाते.

‘मुदत वाढेलच’ या भरवशाविषयी दोन शब्द. साथीच्या काळात, म्हणजे २०१९-२० च्या उत्पन्नासाठी, मुदत वाढत वाढत १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. पुढच्या वर्षी ती ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होती. २०२५ सालीही ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर व अखेर १६ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. परंतु मधल्या तीन वर्षी, २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये, शेवटच्या दिवसांत मुदतवाढीची मागणी होऊनही ती एक दिवसानेही वाढली नाही. ज्या सवलतीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे आणि तो आयत्या वेळी कळणार आहे, तिच्यावर आपल्या घरचा हिशेब उभारणे शहाणपणाचे नाही. शिवाय मुदत वाढली, तरी चुकीची नोंद सुधारून घेण्याचे कष्ट कमी होत नाहीत. ते तेवढ्याच दिवसांनी पुढे ढकलले जातात.

तेव्हा या चार महिन्यांची वाटणी साधी आहे. एप्रिल-मेमध्ये खाते, क्रमांक, नावे आणि बँक यांची व्यवस्था पाहावी. सर्व बँकांतून व्याजाचे दाखले मागवून एका पाकिटात ठेवावेत. १५ जूननंतर फॉर्म सोळा हाती आला, की दोन्ही सरकारी पत्रके उतरवून घेऊन ताळा पाहावा, आणि जेथे जुळत नाही, तेथे त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फॉर्म भरावा, कर राहिला असेल तर तो भरावा आणि त्याच बैठकीत पडताळणी उरकावी. मागचा पंधरवडा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. कारण मुदतीच्या आत पुन्हा पाहून चूक सुधारता येते.

एवढे केले, तर ३१ जुलैच्या सायंकाळी सात ते आठ या तासात करण्यासारखे काहीही उरत नाही. कापला गेलेला कर आपल्या नावावर आहे, परतावा आपल्या खात्यात येणार आहे, आणि कोणी विचारल्यास उत्तराचा कागद पाकिटात आहे, एवढी खात्री त्या वेळी मनाशी असली, म्हणजे ते विवरणपत्र चोख झाले.